ख्रिस्ती ध्यान (जॉन मेन परंपरा)

एकच प्रार्थनाशब्द मनात अखंड घोळवत मौनात स्थिरावण्याची साधना. बेनेडिक्टाइन या कॅथलिक संघाचे संन्यासी जॉन मेन (१९२६–८२) यांनी ती प्रापंचिकांसाठी मांडली. आधुनिक माणूस स्वतःला, शेजाऱ्याला आणि देवाला पारखा झाला आहे आणि ही परात्मता आणखी विचार करून फिटत नाही, ही त्यांची मूळ धारणा.

पाठ ताठ ठेवून, डोळे हलके मिटून सकाळ-संध्याकाळ २० ते ३० मिनिटे बसावे. ‘मा-रा-ना-था’ ही चार अक्षरे सारख्या लांबीने, ओठ न हलवता, आरंभापासून अखेरपर्यंत म्हणावीत. अर्थाचे चिंतन करू नये. मन भरकटले तर विचारांशी न झगडता शब्दाकडे परतावे. शब्द वारंवार बदलल्यास तो रुजत नाही. जेवणानंतर लगेच बसल्यास गुंगी येते. नवख्याला सर्वांत फसवते ती सुखद तंद्री : शांत वाटले म्हणून तो शब्द सोडतो आणि स्वतःच्याच शांततेकडे पाहत बसतो. मेन तिला ‘घातक शांती’ म्हणत.

‘मारानाथा’ हा आरामाईक शब्द बायबलच्या नव्या करारात (१ करिंथ १६:२२) आणि साधारणतः पहिल्या शतकाच्या अखेरीचा मानल्या जाणाऱ्या ‘डिडाखे’ या ख्रिस्ती आचारग्रंथात (१०:६) आढळतो. प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत शब्द तोडून लिहीत नसल्याने ‘मारन अथा’ (आमचा प्रभू आला आहे) की ‘मारना था’ (आमच्या प्रभो, ये) हा वाद उरतो. नव्या करारातीलच प्रकटीकरण २२:२० मधील ग्रीक ‘ये, प्रभू येशू’ पाहता दुसरा विग्रह अधिक सयुक्तिक वाटतो.

पद्धतीचा उगमही एकेरी नाही. १९५० च्या दशकात मेन क्वालालंपूर येथे स्वामी सत्यानंद यांच्याकडून जप शिकले. संन्यास घेतल्यावर वरिष्ठांच्या सांगण्यावरून त्यांनी तो सोडला. पुढे प्राचीन ख्रिस्ती संन्यासी-लेखक जॉन कॅसियन (सु. ३६०–४३५) यांच्या ‘संवाद’ या ग्रंथातील दहाव्या संवादात त्यांना तीच वाट दिसली. मात्र कॅसियन स्तोत्रातील अख्खे वचन दिवसभर, कामाधामातही म्हणायला सांगतात. दोन बैठकांचा नेम त्यात नाही. त्यामुळे मेन यांनी प्राचीन ख्रिस्ती साधनेचा ‘पुनःशोध’ लावला असे म्हणताना हा शब्द जपूनच वापरावा.

मेन यांनी १९७५ मध्ये लंडनच्या ईलिंग मठात केंद्र सुरू केले. साप्ताहिक गटात छोटे प्रवचन, मौन आणि थोडी चर्चा असते. एकटेपणावरचा उतारा म्हणून मेन यांना हे एकत्र बसणे महत्त्वाचे वाटे. व्हॅटिकनच्या १९८९ च्या पत्राने ध्यानपद्धतींबाबत सर्वसाधारण इशारा दिला : शरीराचा विसावा म्हणजे पवित्र आत्म्याचे सांत्वन नव्हे. लोणावळ्याच्या साधना इन्स्टिट्यूटशी निगडित असलेले जेझुइट संघाचे धर्मगुरू अँथनी डिमेलो (१९३१–८७) यांची पद्धत निराळी असून ती श्वास व देहसंवेदना यांच्या भानापासून सुरू होते.