पडद्याचे रॉड बसवणे

खिडकीच्या वर ब्रॅकेट पक्के करून त्यांवर पडद्याची नळी चढवण्याचे काम. ठाणे-नवी मुंबईत ते अडते ते बहुधा भिंतीशी. सिडकोच्या जुन्या इमारतींत विटा, घोडबंदर रस्त्यावरच्या अनेक नव्या टॉवरांत मायवान पद्धतीचे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेले, सलग काँक्रीट, काही ठिकाणी सिपोरेक्सचे (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) ठोकळे. खिडकीच्या लगेच वर लिंटल (काँक्रीटची आडवी पट्टी) किंवा बीम असतो, त्यामुळे विटांच्या घरातही ड्रिलला काँक्रीटच लागते.

प्रत्येक खिडकी वेगळी मोजावी. जोडीच्या खिडक्यांतही इंचभर फरक निघतो. रॉड दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त ठेवावा: ४ फुटी खिडकीला ५ फूट, ६ फुटीला ७ फूट. एका बाजूला लगेच भिंत किंवा कॉलम असेल, तर तिकडे ब्रॅकेटऐवजी भिंतीला लागणारा गोल सॉकेट. ब्रॅकेट चौकटीच्या ४ ते ६ इंच वर येतात. ४ फूट उंच खिडकीला तयार ५ फुटी पडदा मग खालीही नीट झाकतो. छतावरून माप धरू नये, ते सरळ असेलच असे नाही, लेव्हल लावावी.

भोक ८ मिमीचे, साधारण ५० मिमी खोल. नुसत्या गिलाव्यात गिट्टी (स्क्रू धरणारा प्लास्टिकचा प्लग) धरत नाही. पडदा ओढला की ब्रॅकेट गिलाव्यासकट हातात येतो. भोकातली भुकटी फुंकून काढावी, नाहीतर गिट्टी अर्ध्यावरच अडकते. सळई लागली तर जोर न करता दोन्ही ब्रॅकेट सारखेच वर सरकवावेत. सिपोरेक्समध्ये ड्रिलचा हॅमर (ठोके देण्याची सोय) बंद ठेवून फिरत्या ड्रिलने भोक पाडावे आणि लांब गिट्टी वापरावी. हॅमरने भोक मोठे होते. एसीच्या किंवा स्विचच्या रेषेत, सरळ वर-खाली, भोक पाडू नये, आत वायर असते.

५-६ फुटांपुढे मधला आधार हवाच, नाहीतर नळी वाकते. रिंगा त्याच्यापलीकडे जात नाहीत, म्हणून तो दोन पडदे मिळतात तिथेच बसवावा. शेवटची रिंग ब्रॅकेट आणि नॉब (नळीच्या टोकाचे बोंड) यांच्यामध्ये ठेवली की पडद्याची कड जागेवर राहते. वाशी, ऐरोलीकडे खाडीच्या दमट हवेत मुलामा दिलेली लोखंडी नळी गंजते आणि रिंगा अडखळतात. तिथे ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्यावे.