मुलाखतपूर्व स्नेहभोजन (वैद्यकीय रेसिडेन्सी)

मुलाखतपूर्व स्नेहभोजन : अमेरिकेत रेसिडेन्सीच्या (वैद्यकीय पदवीनंतर रुग्णालयात मिळणाऱ्या विशेष प्रशिक्षणाच्या) मुलाखतीसाठी आलेल्या उमेदवारांना त्या विभागातील निवासी डॉक्टर आदल्या संध्याकाळी जेवायला बोलावतात, ती प्रथा. बोलण्यात ‘प्री-इंटरव्ह्यू डिनर’ किंवा नुसते ‘सोशल’. जेवण बहुधा रुग्णालयाजवळच्या उपाहारगृहात, क्वचित एखाद्या निवासी डॉक्टरच्या घरी होते. खर्च विभाग करतो, मात्र विभागप्रमुख आणि प्राध्यापक सहसा येत नाहीत. त्यांची ही गैरहजेरीच प्रथेचा गाभा आहे. मुलाखतींचा हंगाम साधारणपणे ऑक्टोबर ते जानेवारी असतो. त्यानंतर उमेदवार आणि विभाग आपापल्या पसंतीक्रमाच्या याद्या देतात. त्या फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या प्रारंभी बंद होतात आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ‘मॅच’चा, म्हणजे या याद्या मध्यवर्ती ठिकाणी जुळवून जागा देण्याच्या पद्धतीचा, निकाल लागतो.

उगम : प्रथेचे नाते जुन्या निवासी पद्धतीशी जोडता येते. १८८९ मध्ये बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. वैद्य विल्यम ऑस्लर आणि शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी तेथे रुजवलेल्या प्रशिक्षणात तरुण डॉक्टर रुग्णालयातच राहत. नव्या माणसाची पारख सहवासात होते ही समजूत त्यामुळे पक्की झाली असावी. परंतु आजच्या स्वरूपाचा उलगडा ‘मॅच’च्या इतिहासातून अधिक चांगला होतो.

१९४० च्या दशकात इंटर्न मिळवण्यासाठी रुग्णालयांत इतकी चढाओढ होती की पदवीच्या दोन वर्षे आधीच जागा देऊ केल्या जात. १९४५ पासून वैद्यकीय महाविद्यालयांनी ठरावीक तारखेपूर्वी रुग्णालयांना विद्यार्थ्यांची माहिती न देण्याचे ठरवले. घाई थांबली नाही. तिने फक्त रूप बदलले. विद्यार्थ्याला होकार-नकारासाठी सुरुवातीला दहा दिवस मिळत. १९४९ पर्यंत बारा तासांची मुदतदेखील रुग्णालयांना जास्त वाटू लागली. यावर उपाय म्हणून दोन्ही बाजूंच्या याद्या मध्यवर्ती ठिकाणी जुळवण्याची योजना आली. तिचा पहिला आराखडा एफ. जे. मलिन आणि जॉन स्टॅलनेकर यांच्याशी निगडित आहे. त्यात एक दोष होता : मिळायला अवघड असलेले रुग्णालय यादीत पहिले लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला खालच्या पसंतीची जागाही गमवावी लागे. १९५१ मध्ये हार्वर्डच्या डब्ल्यू. हार्डी हेंड्रेन यांच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांनी हरकत घेतली. परिणामी ‘बॉस्टन पूल’ नावाची पद्धत स्वीकारली गेली आणि १९५२ मध्ये पहिली ‘मॅच’ पार पडली.

ही पद्धत रुग्णालयांना झुकते माप देते की काय, हा वाद मात्र पुढे दीर्घकाळ चालला. १९६२ मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी स्थिर जोड्यांचा (ज्या मोडून दुसरी जोडी करण्यात कोणत्याही दोघांचे हित नसते अशा जोड्यांचा) गणिती सिद्धान्त मांडला. १९८४ मध्ये अर्थशास्त्रज्ञ ॲल्व्हिन रॉथ यांनी दाखवले की तेव्हाची ‘मॅच’ची रीत रुग्णालयाने आधी प्रस्ताव मांडण्याच्या, म्हणजे रुग्णालयाला अनुकूल असलेल्या, रीतीशी तुल्य आहे. रॉथ आणि इलियट पेरॅन्सन यांनी उमेदवाराच्या बाजूने सुरू होणारी रीत बेतली. १९९८ पासून ती वापरात आहे. बदलामुळे हजारात जेमतेम एका उमेदवाराचा निकाल वेगळा लागला असता, असे त्यांनाच आढळले. तेव्हा व्यवहारात फरक थोडा, विश्वासाच्या दृष्टीने मोठा, हे मत ग्राह्य वाटते. रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

प्रयोजन : एवढे गणित येथे देण्याचे कारण, त्यातूनच जेवणाचा अर्थ लागतो. या रीतीत उमेदवाराने मनातला खरा क्रम लिहिणे हेच त्याच्या हिताचे असते (जोडप्यांच्या संयुक्त याद्यांना हा नियम तंतोतंत लागू नाही). निकाल दोन्ही बाजूंना बांधील राहतो. वेतन रुग्णालयाने प्रशिक्षणाच्या वर्षानुसार ठरवलेले असल्याने घासाघीस होत नाही. मग उमेदवाराकडे उरते ते एकच काम : आपल्याला कुठे राहायला आवडेल हे नीट ओळखणे. निवासी डॉक्टरांच्या कामाला आठवड्याला ८० तासांची मर्यादा २००३ पासून देशभर लागू आहे. ती कागदावर पाळली जाते की खरोखर, सुट्टी मागितली तर काय होते, वरिष्ठ रात्री फोन उचलतात का, याची उत्तरे विभागाच्या माहितीपत्रकात सापडत नाहीत. ती तिसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरकडून, प्राध्यापक समोर नसताना, मिळतात. निवासी डॉक्टर आपसांत कसे बोलतात, जेवायला किती जण येऊ शकले, हेही पाहण्यासारखे असते.

जेवण ही आडून घेतलेली परीक्षा आहे, असा दुसरा पक्ष आहे आणि तो निराधार नाही. मुलाखत व भेटीदरम्यान निवासी डॉक्टरांशी उमेदवार कसा वागला, या बाबीला विभागप्रमुखांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणांत बरेच वजन मिळते. उद्धटपणा किंवा अतिमद्यपान यांची वार्ता दुसऱ्या दिवशी सकाळी पोचते. तरीही बहुतेक विभागांत उपस्थिती ऐच्छिक असते आणि चांगले वागणाऱ्याला जेवणाने फारसे गुण मिळत नाहीत. म्हणून माहिती मिळवण्याची संधी हेच प्रथेचे मुख्य प्रयोजन मानणे योग्य.

नियम : ‘मॅच’च्या आचारसंहितेनुसार भरतीत भाग घेणाऱ्या सर्वांच्या वर्तनाची जबाबदारी विभागप्रमुखावर असते. जेवणाचे यजमान असलेले निवासी डॉक्टरही त्यात येतात. वय, धर्म, लैंगिक कल, कौटुंबिक स्थिती यांविषयी तसेच इतर कुठे अर्ज केला याविषयी विचारणे निषिद्ध आहे. ‘आणखी कुठे कुठे मुलाखती आहेत?’ हा जेवताना सहज तोंडी येणारा प्रश्न त्यामुळे नियमभंगच ठरतो. आपली पसंती स्वतःहून सांगण्याची मुभा आहे, समोरच्याकडून ती वदवून घेता येत नाही. मुलाखतीनंतरची दुसरी भेट सक्तीची करता येत नाही.

२०२० नंतर : कोविड साथीत मुलाखती दूरदृश्य झाल्या आणि बहुतेक ठिकाणी जेवणाची जागा संध्याकाळच्या झूम बैठकीने घेतली. मुलाखतीच्या प्रवासाचा आणि राहण्याचा भार पूर्वी उमेदवारच सोसत. तो हलका झाला, हा लाभ निःसंशय मोठा आहे. मात्र चौकटींच्या पडद्यावर एका वेळी एकच जण बोलतो; शेजारी बसलेल्याला हळूच काही विचारण्याची सोय गेली. काही विभाग आता प्रत्यक्ष ‘सेकंड लुक’ (मुलाखतीनंतरची दुसरी भेट) ठेवतात आणि भेटीचा परिणाम क्रमावर होऊ नये म्हणून आपली यादी आधीच निश्चित करतात.

भारतीय उमेदवार : महाराष्ट्रात पदव्युत्तर जागा नीट-पीजीच्या गुणांवर मिळते, मुलाखत नसते, त्यामुळे येथून एमबीबीएस होऊन यूएसएमएलई (अमेरिकेतील वैद्यकीय परवाना परीक्षा) देणाऱ्यांना ही प्रथा सर्वस्वी नवी असते. शाकाहारी असल्यास निमंत्रणाच्या उत्तरातच कळवणे रूढ आहे, आणि मद्य न घेण्याचे कारण द्यावे लागत नाही. निवासी डॉक्टरांना ‘सर’, ‘मॅडम’ न म्हणता पहिल्या नावाने हाक मारण्याचे अवघडलेपण पुष्कळांना जाणवते. परदेशी पदवीधरांनी व्हिसा कोणता मिळतो हे विभागाच्या कार्यालयाकडून आधीच विचारून घ्यावे. निवासी डॉक्टरांना त्याची खात्रीची माहिती असतेच असे नाही. त्याच विभागात आधी आलेला परदेशी पदवीधर जेवायला असेल, तर पहिल्या सहा महिन्यांत काय जड गेले हे त्याला विचारावे.