जॅकपॉटला मर्यादा घातली की पैसा कोठे जातो?

लॉटरीचे पहिले बक्षीस कोणालाच लागले नाही, तर ती रक्कम पुढच्या सोडतीत जमा होते आणि जॅकपॉट वाढत जातो. ही वाढ रोखण्यासाठी काही लॉटऱ्या कमाल मर्यादा ठरवतात. मात्र मर्यादा गाठल्यावरही तिकिटांची विक्री चालूच असते, त्यामुळे जास्तीचा पैसा कोणत्या बक्षिसांकडे वळवायचा हे नियमाने ठरवावेच लागते, आणि माझ्या मते सगळे गणित या एका निर्णयावर अवलंबून असते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २००४ साली सुरू केलेल्या ‘कॅश विनफॉल’ या लॉटरीत ४६ पैकी ६ आकडे निवडायचे असत आणि तिकीट २ डॉलरचे होते. जॅकपॉट २० लाख डॉलरपर्यंत पोहोचूनही सहाही आकडे कोणाचे जुळले नाहीत, तर ती रक्कम पाच, चार आणि तीन आकडे जुळवणाऱ्यांत वाटली जाई. ७ फेब्रुवारी २००५ च्या सोडतीत या तीन बक्षिसांची रक्कम अनुक्रमे ५०,०००, २,३८५ आणि ६० डॉलर झाली. पाच आकडे साधारण ३९,००० तिकिटांत एकदा, चार आकडे ८०० तिकिटांत एकदा, तर तीन आकडे ४७ तिकिटांत एकदा जुळतात. प्रत्येक बक्षिसाला त्याच्या संभाव्यतेने गुणून बेरीज केली, तर २ डॉलरच्या तिकिटामागे सरासरी साडेपाच डॉलर परत मिळत होते.

सरासरी चांगली असली तरी एकदोन तिकिटे घेणाऱ्याच्या हाती बहुधा काहीच लागत नाही. परंतु लाखभर तिकिटे घेतली, तर तीन आकड्यांची बक्षिसे दोन हजारांच्या आसपास येतात, आणि इतक्या मोठ्या संख्येत प्रत्यक्ष निकाल सरासरीपासून फारसा ढळत नाही. एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसह काही गटांनी हे अचूक ओळखले आणि मर्यादा गाठली जाणाऱ्या सोडतींसाठी प्रचंड खरेदी केली. २०१२ मध्ये ही लॉटरी बंद झाली.

अनेक युरोपीय देशांत चालणाऱ्या ‘युरोमिलियन्स’ या लॉटरीची रचना वेगळी आहे. तेथे मर्यादेवरचा पैसा थेट लगतच्या खालच्या बक्षिसाकडे जातो, ज्याची संभाव्यता ६९,९१,९०८ मध्ये एक आहे. त्यामुळे लाखभर तिकिटे घेऊनही ते बक्षीस लागण्याची शक्यता दीड टक्क्याहून कमीच राहते.