जिप्समची जमीन दगडासारखी? कोरडी असेपर्यंतच!

जिप्सम (कॅल्शियम सल्फेटचं खनिज) असलेली जमीन खणताना टिकाव उडतो, म्हणजे पाया पक्का, असं बांधकामावर सर्रास ऐकू येतं. कोरड्या जमिनीपुरतं ते खरंही आहे. जिप्सम मातीचे कण सिमेंटसारखं सांधून धरतं. पाणी लागलं की तोच सांधा सुटतो आणि वर भार असेल तर जमीन एकाएकी खचते.

‘पण जिप्सम विरघळतं कुठे?’ लिटरभर पाण्यात साधारण २ ग्रॅमच, कबूल. साचलेलं पाणी तेवढं घेऊन थांबतं. वाहतं पाणी मात्र दर हजार लिटरमागे दोनेक किलो घेऊन जातं आणि मागे पोकळी ठेवतं. (चोपण जमिनीत शेतकरी जिप्सम टाकतात, ते विरघळतं म्हणूनच ना!)

इराकमधलं टायग्रिस नदीवरचं मोसुल धरण अशाच जिप्समच्या थरांवर उभं आहे. १९८०च्या दशकापासून त्याच्या पायाखाली ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरत राहावं लागतंय. एक पोकळी बुजवली की पाणी शेजारून वाट काढतं.

प्रयोगशाळेतही घोळ होतो. ओलावा मोजायला माती नेहमीसारखी १०५ अंश सेल्सिअसवर वाळवली, तर जिप्समच्या स्फटिकातलं पाणीही उडतं आणि ओलावा फुगून दिसतो. ६० अंशांवर वाळवा, वेळ लागला तरी चालेल.