155.52 ला आठाने भागल्यावर हातात काय उरतं?

ऑप्टिकल फायबरवर चालणाऱ्या यंत्रणांची माहिती वाचताना सेकंदाला 155.52, 622.08, 2488.32 असे मेगाबिटांचे आकडे भेटतात. सरळ 150 किंवा 600 का नाही, असा प्रश्न पडतोच. पण हे आकडे कुणी ठरवून निवडलेले नाहीत, ते गुणाकारातून आले आहेत. त्या गुणाकाराच्या मुळाशी इंटरनेट नसून टेलिफोन आहे.

टेलिफोनवरचा आवाज डिजिटल करताना सेकंदाला 8,000 वेळा त्याचं मोजमाप घेतात आणि प्रत्येक मोजमाप एका बाइटमध्ये, म्हणजे 8 बिटांत साठवतात. त्यामुळे एका संभाषणाला सेकंदाला 64,000 बिट लागतात. 1980 च्या दशकात सोनेट आणि एसडीएच ही ऑप्टिकल जाळ्यांची मानकं आखली गेली तेव्हा हाच ठेका कायम ठेवला गेला: सेकंदाला 8,000 फ्रेम (बाइटांचे ठरावीक आकाराचे गठ्ठे), म्हणजे दर 125 मायक्रोसेकंदांना एक. सोनेटची सर्वांत लहान फ्रेम 9 ओळी आणि 90 स्तंभांची, 810 बाइटांची असते. 810 गुणिले 8 गुणिले 8,000 केलं की 5 कोटी 18 लाख 40 हजार येतात. हाच ओसी-1 चा, म्हणजे सोनेटच्या पहिल्या पायरीचा, 51.84 मेगाबिटांचा वेग. बाकीचे सगळे त्याच्या पटीत. ओसी-3 म्हणजे तिप्पट, 155.52 (एसडीएचमध्ये याचंच नाव एसटीएम-1). ओसी-48 म्हणजे 2,488.32 आणि ओसी-192 म्हणजे 9,953.28. बोलताना या शेवटच्याला सगळे बिनदिक्कत ‘10 गिगाबिट’ म्हणतात.

आता फाइल उतरवायला किती वेळ लागेल ते पाहू. लाइन रेट, म्हणजे फायबरवरचा एकूण वेग, बिटांत असतो आणि फाइल बाइटांत, म्हणून आधी आठाने भागायचं. 155.52 चे 19.44 मेगाबाइट झाले. बहुतेकांचा हिशोब इथेच संपतो, पण तारेवरून जाणारा प्रत्येक बिट आपल्या फाइलचा नसतो.

एसटीएम-1 च्या फ्रेममध्ये 270 स्तंभ असतात. त्यांतले 9 जाळ्याच्या स्वतःच्या कारभारासाठी राखीव असतात: फ्रेम कुठे सुरू होते, वाटेत बिट बिघडले का, मुख्य मार्ग तुटला तर पर्यायी मार्गावर कधी वळायचं. दोन टोकांच्या तंत्रज्ञांना आपसात बोलता यावं म्हणूनही त्यात बाइट राखून ठेवले आहेत. मार्गाच्या देखरेखीसाठी आणखी एक स्तंभ जातो. उरलेल्या 260 स्तंभांचे 149.76 मेगाबिट होतात. त्यात आपली पाकिटं, म्हणजे फाइलचे तुकडे, बसतात, आणि 1,500 बाइटांच्या प्रत्येक पाकिटातले 40 बाइट पत्ता आणि अनुक्रमांक वगैरेंसाठी जातात. पाकीट फ्रेममध्ये भरण्यासाठी पीपीपी ही आवरण घालण्याची पद्धत वापरली तर वर सुमारे 9 बाइट लागतात. म्हणजे 1,509 बाइट धाडले की फाइलचे 1,460 पोहोचतात. शेवटी हातात सुमारे 145 मेगाबिट, म्हणजेच सेकंदाला 18.1 मेगाबाइट राहतात.

एक अब्ज बाइटांची फाइल नुसत्या भागाकाराने 51.4 सेकंदांत उतरायला हवी, प्रत्यक्षात 55.2 लागतील. इतकाच फरक. ओव्हरहेडचा, म्हणजे या वरखर्चाचा, बाऊ फार केला जातो. घाईचा हिशोब असेल तर सोनेटच्या लाइन रेटला आठाऐवजी सरळ नवाने भागावं. उत्तर किंचित कमी येतं, पण निराशा होत नाही. याहून फसवा प्रकार संगणकाच्या पडद्यावर असतो. काही प्रणाली 1,07,37,41,824 बाइटांना एक गिगाबाइट म्हणतात, तर जाळ्यांच्या जगात गिगा म्हणजे नेमके एक अब्ज. हा फरक सात टक्क्यांचा आहे, म्हणजे वरच्या सगळ्या ओव्हरहेडने जेवढा वेळ वाढवला साधारण तेवढाच!

नावांचाही घोळ आहे. सोनेटच्या आकड्यात खर्च धरलेला असतो, तो वजा करायचा असतो. संगणक जोडणाऱ्या इथरनेट या मानकाचं उलट आहे. 10 गिगाबिट इथरनेट फायबरवर 10.3125 गिगाबिटांनी धावतं, कारण दर 64 बिटांमागे 2 जादा बिट जातात, आणि ते वजा केल्यावरचा वेग नावात येतो. त्यामुळे दोन्ही ‘10 गिगाबिट’ असूनही हे इथरनेट ओसी-192 मध्ये मावत नाही. ते बसवण्यासाठी जी वेगळी आवृत्ती काढली, तिच्यात इथरनेटला सुमारे 9.29 गिगाबिटच मिळतात. ऑप्टिकल जाळ्यांच्या पुढच्या ओटीएन या मानकाने ओसी-192 चे तेच 9.953 गिगाबिट वाहून नेण्यासाठी लाइन रेट 10.709 वर नेला. वाढीव बिट मुख्यतः चुका दुरुस्त करण्यासाठी आहेत, वापरणाऱ्याच्या पदरात त्यांतलं काहीच पडत नाही.

घरोघरी फायबर नेणारं जीपॉन तंत्र वरून खाली 2.48832 गिगाबिटांनी चालतं. हा ओसी-48 चाच आकडा, आणि 125 मायक्रोसेकंदांची फ्रेमही तीच. फक्त तो वेग एका फायबरवरच्या सगळ्या घरांत वाटला जातो. 32 घरं एकाच क्षणी पूर्ण जोराने उतरवायला लागली, तर जीपॉनचा स्वतःचा खर्च न धरताही प्रत्येकाच्या वाट्याला 77.76 मेगाबिट येतात. सगळे एकाच वेळी क्वचितच लागतात, म्हणून हे जमतं.

लाइन रेटला खरोखर निष्प्रभ करतं ते अंतर. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. पाकीट 10,000 किलोमीटर जाऊन ते मिळाल्याची पोच परत यायला दशांश सेकंद लागतो. टीसीपीच्या, म्हणजे इंटरनेटवर पाकिटं नीट पोहोचवण्याच्या नियमांच्या, मूळ रचनेत पोच येण्याआधी जास्तीत जास्त 65,535 बाइट धाडता येत. सेकंदाला अशा दहाच खेपा होणार, म्हणजे साडेसहा लाख बाइट. मधली लाइन ओसी-3 असो की ओसी-192, वेग तेवढाच. 1992 मध्ये ही मर्यादा वाढवण्याची सोय टीसीपीत आली. तरी या अंतरावर 10 गिगाबिटांची लाइन एकाच जोडणीने भरायची तर कोणत्याही क्षणी 125 मेगाबाइट वाटेवर असावे लागतात, आणि तेवढ्याची प्रत धाडणाऱ्या यंत्राला पोच येईपर्यंत स्मृतीत धरून ठेवावी लागते. मोठ्या फाइली लांब पल्ल्यावर धाडणारी सॉफ्टवेअर अनेक जोडण्या एकदम उघडतात ती यासाठीच.