सनस्क्रीन (सोलापूर परिसर आणि समुद्रकिनारा)

सूर्यप्रकाशातील अतिनील किरण त्वचेत खोल जाण्याआधी शोषून घेणारा, काही अंशी परतवणारा, अंगाला लावण्याचा लेप. मलम, लोशन, जेल, फवारा आणि कांडी अशा रूपांत तो मिळतो. प्रस्तुत नोंदीत सोलापूर जिल्ह्यातून सुट्टीत कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने त्याचा विचार केला आहे. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करीत आंबा घाटाने गणपतीपुळ्याला किंवा आणखी दक्षिणेला मालवण-तारकर्लीला जाणारा हा प्रवासी उष्ण कटिबंधातून उष्ण कटिबंधातच जातो. तरीही किनाऱ्यावर तो जास्त भाजून निघतो. त्याचे कारण उष्णता आणि अतिनील किरण यांत होणारी गल्लत हे आहे.

ऊन आणि अतिनील किरण : अतिनील किरणांचे तरंगलांबीनुसार तीन पट्टे मानतात. १०० ते २८० नॅनोमीटरचा ‘सी’ पट्टा वातावरणात पूर्णपणे शोषला जातो. २८० ते ३१५ नॅनोमीटरचा ‘बी’ पट्टा त्वचा भाजण्यास मुख्यतः कारणीभूत असतो. ३१५ ते ४०० नॅनोमीटरचा ‘ए’ पट्टा त्वचेत अधिक खोल जातो आणि काळवंडणे व सुरकुत्या यांत त्याचा मोठा वाटा असतो. त्वचाविज्ञानाच्या ग्रंथांत ‘बी’ची वरची मर्यादा बहुधा ३२० नॅनोमीटर धरतात. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील ऊर्जेपैकी सुमारे ९५ टक्के ‘ए’ पट्ट्याची असते. यांपैकी कोणताही पट्टा डोळ्यांना दिसत नाही आणि अंगाला चटकाही देत नाही. चटका बसतो तो दृश्य व अवरक्त किरणांमुळे आणि तापलेल्या हवेमुळे.

सोलापूरकर उन्हाची पारख तापमानावरून करतो आणि घरी ही पारख बऱ्यापैकी उपयोगी पडते. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, दुपारी रस्ते ओस पडतात, बाहेर पडावेच लागले तर डोक्याला टॉवेल किंवा स्टोल गुंडाळलेला असतो. किनाऱ्यावर त्याच दिवशी तापमान ३३-३४ अंशांच्या आसपास असते आणि खारा वारा सुटलेला असतो. त्यामुळे ‘इथे ऊन कुठे आहे’ असे वाटते, टॉवेल खांद्यावर येतो आणि भर दुपारी पाण्यात खेळ चालतो. सूर्याची उंची मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखीच असते. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, गणपतीपुळे १७.१ व मालवण १६ अंशांच्या आसपास. सूर्य सोलापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या आरंभी माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. मालवणात मेमधील हा दिवस सुमारे आठवडाभर आधी येतो. या दिवसांत निरभ्र माध्यान्ही अतिनील निर्देशांक (अतिनील किरणांच्या तीव्रतेचे माप) ११ च्या वर, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीतील सर्वांत वरच्या गटात असतो.

सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंच आहे. उंचीबरोबर अतिनील किरणांची तीव्रता दर हजार मीटरला १० ते १२ टक्क्यांनी वाढते, असे मानतात. त्या हिशेबाने किनाऱ्यावर ती पाचेक टक्क्यांनी कमी असावयास हवी. परंतु कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परतवतो. सोलापूरची काळी जमीन किंवा गवत १० टक्क्यांहूनही कमी परतवते. पाण्याखाली अर्ध्या मीटरवर पृष्ठभागावरील तीव्रतेच्या सुमारे ४० टक्के किरण शिल्लक असतात. पाण्यात बुडालेले खांदे म्हणजे सावलीतील खांदे नव्हेत. पातळ ढगांतूनही ८० टक्क्यांपर्यंत किरण खाली येऊ शकतात.

नाताळच्या सुट्टीत ऊन ‘कोवळे’ समजले जाते. २२ डिसेंबरला सोलापुरात माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवर असतो, म्हणजे माणसाची सावली त्या दिवशीही त्याच्या उंचीपेक्षा आखूडच पडते. सावली उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा संरक्षण घ्यावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. तो सोलापूर आणि कोकण या दोन्ही ठिकाणी वर्षातील प्रत्येक माध्यान्हाला लागू पडतो.

इतिहास : अतिनील किरणांचा शोध योहान रिटर यांनी १८०१ मध्ये लावला. मात्र त्वचा भाजण्याचे कारण उष्णता नसून हे किरण आहेत, हे स्वीडनचे नेत्रवैद्य एरिक विडमार्क यांनी १८८९ मध्ये दाखवीपर्यंत मोठा काळ गेला. तत्पूर्वी, १८७८ च्या सुमारास, ओटो फाइल यांनी टॅनिनचा उपयोग सुचविला होता, परंतु त्याने त्वचेवर डाग पडत. श्टुटगार्टचे फ्रीडरिख हॅमर यांनी १८९१ मध्ये क्विनीनयुक्त मलम वापरले. विशिष्ट किरण अडविण्याच्या हेतूने केलेला पहिला लेप म्हणून याच मलमाचा उल्लेख करणे अधिक योग्य ठरेल.

व्यापारी उत्पादन प्रथम कोणी केले, याविषयी एकमत नाही. अमेरिकेत १९२८ च्या सुमारास बेंझिल सॅलिसिलेट व बेंझिल सिनॅमेट असलेले मिश्रण विक्रीस आले. ऑस्ट्रेलियात मिल्टन ब्लेक यांनी ॲडिलेड येथे १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मलम तयार केले. काही लेखक १९३२ हे साल देतात. फ्रान्समध्ये ओझेन श्युलेर यांनी ‘आंब्र सोलेर’ हे तेल १९३६ मध्ये (काहींच्या मते १९३५ मध्ये) बाजारात आणले. त्याच वर्षी फ्रेंच कामगारांना कायद्याने दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली आणि किनारे माणसांनी भरू लागले. त्या तेलाच्या प्रसाराला हा योग पोषक ठरला. फ्रान्झ ग्रायटर हे रसायनज्ञ विद्यार्थिदशेत, १९३८ मध्ये, आल्प्समधील पित्स बुइन शिखरावर चढताना भाजले व त्यातून त्यांनी मलम बनविले, ही कथा लोकप्रिय लेखनात फार आढळते. पण त्यांचे मलम १९४६ मध्ये विक्रीस आले, म्हणजे वरील तिन्हींच्या नंतर. अमेरिकी औषधविक्रेते बेंजामिन ग्रीन यांनी १९४४ मध्ये पॅसिफिकमधील सैनिकांसाठी लाल पेट्रोलेटम (व्हॅसलीनसारखा घट्ट पदार्थ) वापरले आणि ‘कॉपरटोन’ हे सनस्क्रीन त्यातूनच पुढे आले, असे सांगितले जाते. वेगवेगळ्या देशांत थोड्याफार अंतराने स्वतंत्र प्रयत्न झाले, हे मत सर्वांत स्वीकारार्ह दिसते.

असाच वाद ‘एसपीएफ’ (सन प्रोटेक्शन फॅक्टर, म्हणजे लेपाच्या संरक्षणाचा अंक) या मापाबद्दल आहे. त्याचे श्रेय सर्रास ग्रायटर यांना देतात. साल काही ठिकाणी १९६२, तर काही ठिकाणी १९७४ असे येते. तथापि लेप लावलेली आणि न लावलेली त्वचा लाल होण्यास लागणाऱ्या मात्रांची तुलना करण्याची कल्पना फ्रीडरिख एलिंगर यांच्या १९३४ च्या लेखनात आहे, आणि रुडॉल्फ शुल्त्से यांनी १९५६ मध्ये तिला गुणोत्तराचे रूप दिले. ग्रायटर यांचे कार्य नामकरण व प्रसार एवढे मानणे रास्त होय. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हे माप १९७८ मध्ये स्वीकारले.

एसपीएफचा अर्थ : चाचणीत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लेप लावतात आणि त्वचा जेमतेम लाल करणारी किरणांची मात्रा लेपासह व लेपाविना मोजतात. या दोन मात्रांचे गुणोत्तर म्हणजे एसपीएफ. एसपीएफ १५ असलेला लेप लाली आणणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९३ टक्के, ३० असलेला ९७ टक्के व ५० असलेला ९८ टक्के अडवितो. ‘३० म्हणजे तीसपट वेळ उन्हात’ हा हिशेब चुकीचा आहे, कारण सकाळी आठच्या आणि दुपारी बाराच्या उन्हात फार फरक असतो. लालीचे माप मुख्यतः ‘बी’ किरणांविषयी सांगते. ‘ए’ किरणांसाठी जपानने १९९६ पासून वापरात आणलेली ‘पीए’ ही अधिकचिन्हांची पद्धत भारतीय ट्यूबांवर सर्रास दिसते. चार अधिकचिन्हे हा तिचा सर्वोच्च दर्जा होय.

प्रत्यक्षात माणसे चाचणीतील मात्रेच्या निम्मी किंवा चतुर्थांशच लावतात. त्यामुळे संरक्षण किती घटते, यावर मतभेद आहेत. एका मतानुसार मात्रा निम्मी झाल्यास एसपीएफ ३० चा वर्गमूळाप्रमाणे साडेपाचच उरतो. दुसऱ्या मतानुसार तो सरळ प्रमाणात, १५ च्या आसपास येतो. अलीकडची मापने दुसऱ्या मताकडे झुकतात. कोणतेही मत धरले तरी ३० ऐवजी ५० निवडण्यात शहाणपण आहे, कारण कमी लावण्याची भरपाई काही अंशी होते.

निवड : लेपातील घटक दोन प्रकारचे असतात : झिंक ऑक्साइड व टायटॅनियम डायऑक्साइड ही खनिजे, आणि ॲव्होबेंझोन, ऑक्टोक्रिलीन, बेमोट्रिझिनॉल यांसारखी कार्बनी संयुगे. खनिजे किरण परतवतात व कार्बनी संयुगे शोषतात, ही जुनी मांडणी पुरती बरोबर नाही. खनिजांचेही मुख्य कार्य शोषण्याचेच असते. ॲव्होबेंझोन एकटे असल्यास प्रकाशात विघटित होते, म्हणून त्याच्यासोबत ऑक्टोक्रिलीनसारखा स्थिरकारी घटक आहे का ते पाहावे. खनिजांचा लेप सावळ्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखा दिसतो, आणि सोलापुरात अनेक जण एका वापरानंतर ट्यूब बाजूला ठेवतात ते याच कारणाने. लोह ऑक्साइड मिसळलेले, त्वचेच्या रंगाचे लेप यावर चांगला उपाय आहेत. वांग असलेल्या व्यक्तींना त्यांचा आणखी एक लाभ होतो : गडद त्वचेत दृश्य प्रकाशानेही काळे डाग वाढतात आणि लोह ऑक्साइड तो प्रकाश अडविते.

सावळ्या त्वचेला सनस्क्रीनची गरज नसते, हा समज पूर्ण खोटा नाही आणि पूर्ण खराही नाही. १९७९ मधील एका मापनात काळ्या वर्णाच्या बाह्यत्वचेचे नैसर्गिक संरक्षण एसपीएफ १३ च्या, तर गोऱ्या वर्णाचे ३ च्या जवळपास आढळले. सोलापूर परिसरातील बहुतेकांचा वर्ण या दोहोंमध्ये येतो. येथे भाजलेली त्वचा लालबुंद दिसत नाही. रात्री अंथरुणाला खांदे टेकवत नाहीत, त्वचा ताणल्यासारखी होते आणि दोन-तीन दिवसांनी कोल्हापुरी चपलेच्या पट्ट्यांचे फिके ठसे पावलांवर उमटतात. सनस्क्रीनने त्वचेचा कर्करोग कमी होतो याचा सर्वांत भक्कम पुरावा ऑस्ट्रेलियातील नॅम्बोर येथे १९९२ ते १९९६ या काळात झालेल्या चाचणीचा आहे. त्यात रोज लेप लावणाऱ्या गटात एका प्रकारच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. तेथील लोक गोरे होते, त्यामुळे तो आकडा आपल्याकडे तसाच लागू करता येत नाही. आपल्याकडे भाजणे, वांग आणि अकाली सुरकुत्या हीच लेप वापरण्याची प्रमुख कारणे होत.

खोबरेल तेलाला काही प्रयोगशालेय मापनांत ७-८ एसपीएफ दिलेला आढळतो. ही मापने अल्कोहोलमधील द्रावणावर केलेली असून त्वचेवरच्या थराविषयी त्यांवरून काही ठरत नाही. हळद, चंदन व मुलतानी माती यांचे लेपही किनाऱ्यावर संरक्षण म्हणून भरवशाचे नाहीत. कापलेल्या लिंबाचा रस हाताला लागून त्यावर ऊन पडल्यास फोड येऊन काळे ओघळ उमटू शकतात. वाळूत बसून सरबत पिळणाऱ्यांनी हात स्वच्छ धुवावेत.

वापर : प्रौढ माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे १.७ चौरस मीटर धरल्यास चाचणीच्या मात्रेने सर्वांगाला ३४ ग्रॅम लेप लागतो. औषधाच्या दुकानात मिळणारी ५० ग्रॅमची ट्यूब या हिशेबाने दीड वेळाच पुरते. चौघांच्या कुटुंबाने एक ट्यूब घेऊन तीन दिवसांची सहल उरकणे म्हणजे लेप लावल्याचे केवळ समाधान होय. चेहरा व मान यांसाठी तर्जनी आणि मधले बोट यांवर टोकापासून मुळापर्यंत काढलेल्या दोन रेघा पुरतात. कान, केसांतील भांग, मानेची मागची बाजू, गुडघ्यांच्या मागचा भाग आणि पावलांचा वरचा भाग हमखास राहून जातो.

लेप उन्हात जाण्याआधी १५ ते ३० मिनिटे लावावा व दर दोन तासांनी पुन्हा लावावा. ‘जलरोधक’ लेपही पाण्यात ४० किंवा ८० मिनिटेच टिकतो असे गृहीत धरावे. अंग पुसल्यावर घड्याळ न पाहता लगेच लावावा : सोलापुरी टर्किश टॉवेल पाणी चांगले टिपतो, त्याच्या फाशांबरोबर लेपही निघून जातो. अंग चोळू नये, टॉवेल दाबून टिपावे. मोटारीच्या बाजूच्या काचेतून ‘ए’ किरण आत येतात, म्हणून चालकाच्या उजव्या हातालाही लेप हवा. ट्यूब मात्र डॅशबोर्डवर ठेवू नये. सोलापूरच्या उन्हात तापलेल्या गाडीत पाणी आणि तेल वेगळे होऊन लेप फाटतो. सहा महिन्यांखालील बाळाला लेप न लावता सावलीत ठेवावे.

कापड : लेपाचा हा खर्च पाहता अंगाचा मोठा भाग कापडानेच झाकणे श्रेयस्कर. फक्त चेहरा, मान, हातांचे पंजे व पावले उघडी राहिली, तर एका वेळेला सात ग्रॅमच्या आसपास लेप पुरतो. कापडाचे संरक्षण विणीची घट्टी, रंग व ओलावा यांवर अवलंबून असते. पांढऱ्या पातळ सुती सदऱ्याचा अतिनील संरक्षणांक (कापडासाठीचे एसपीएफसारखे माप) सुमारे ५ ते ७ असतो व भिजल्यावर तो आणखी उतरतो. गडद रंगाचे, दाट विणीचे कापड कितीतरी सरस ठरते. जुन्या बायकांचे गडद इरकल लुगडे या दृष्टीने चांगले संरक्षण देते. कापड पारखण्यास उपकरण लागत नाही. सोलापूरच्या चाटी गल्लीत गिऱ्हाईक कापडाचा एक पदर उजेडाकडे धरून पोत पाहते, तसे धरावे. धाग्यांमधून उजेडाचे टिपके दिसले तर तेथून किरणही येणार. गांधी टोपीने कान व मान झाकत नाहीत. फेटा मानेला काही आडोसा देतो, पण चेहऱ्यावर सावली धरत नाही. त्यासाठी सात-आठ सेंटिमीटर काठाची गोल टोपी हवी.

प्रवाळ : ऑक्सिबेंझोन व ऑक्टिनॉक्सेट हे घटक प्रवाळांस हानिकारक असल्याचे प्रयोगशाळेत दिसल्यावर अमेरिकेच्या हवाई राज्याने २०१८ मध्ये त्यांच्या विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा केला, तो १ जानेवारी २०२१ पासून अमलात आला. समुद्राच्या पाण्यात या घटकांचे प्रमाण बहुधा प्रयोगातल्यापेक्षा पुष्कळ कमी आढळते आणि प्रवाळांचे मोठे नुकसान पाणी तापल्याने होते, असा आक्षेप घेतला जातो व तो वजनदार आहे. तरीही मालवणच्या सागरी अभयारण्यात, सिंधुदुर्ग किल्ल्यालगतच्या उथळ पाण्यात स्नॉर्केलिंग करताना हे दोन घटक टाळणे अवघड नाही. तेथे पालथे तरंगताना पाठ आणि पोटऱ्या तासभर उन्हाकडे असतात. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख व घोट्यापर्यंतची विजार घातल्यास लेप मानेला, कानांना आणि हातापायांच्या पंजांनाच लागतो.