थंडरबर्डमध्ये लेआउट वेगळा आणि कार्ड-टेबल वेगळं

"अरे, साइजचा कॉलम गेला कुठे?" मावशीचा फोन. ती सोसायटीची सेक्रेटरी. मेलबॉक्स भरत आला की थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये साइजवर क्लिक करून जडजड मेल उडवायचे, ही तिची जुनी सवय. आज कॉलमच काय, वरची शीर्षकांची पट्टीही गायब. तिने 'व्ह्यू' मेनूतला 'लेआउट' उघडून तिन्ही पर्याय लावून पाहिले होते. खिडकीतले भाग इकडचे तिकडे झाले, कॉलम काही परतला नाही.

परतणार कसा? कपडे घडी करून ठेवायचेत की हँगरला लावायचेत, हे कपाट भिंतीपाशी सरकवून बदलत नाही. थंडरबर्डमधला लेआउट म्हणजे कपाट सरकवणं. फोल्डर, मेलची यादी आणि उघडलेला मेल हे तीन भाग कुठे बसतील, एवढंच तो ठरवतो. 'क्लासिक'मध्ये फोल्डर डावीकडे वरपासून खालपर्यंत, उजवीकडे वर यादी, खाली मेल. 'वाइड'मध्ये मेलला तळाची सगळी रुंदी मिळते. 'व्हर्टिकल'मध्ये तिन्ही भाग शेजारी शेजारी उभे.

टेबल की कार्ड हा प्रश्न यादीच्या आतला. टेबलमध्ये एका मेलची एक ओळ, विषय-तारीख-साइज असे कॉलम, आणि शीर्षकावर क्लिक केलं की क्रम बदलतो. कार्डमध्ये तोच मेल दोन-तीन ओळींच्या चौकटीत येतो. तिथे शीर्षकंच नाहीत, मग क्लिक कशावर करणार? ही कार्डं जुलै २०२३ मधल्या ११५व्या आवृत्तीत, 'सुपरनोव्हा'त आली. त्यांचं बटण व्ह्यू मेनूतल्या लेआउटमध्ये नाही. ते यादीच्याच डोक्यावर, उजव्या कोपऱ्यातल्या छोट्या चिन्हात आहे. कार्ड ठेवूनच क्रम बदलायचा असेल तर तोही तिथूनच.

गोंधळ होतो, कारण एकाचा परिणाम दुसऱ्यावर दिसतो. व्हर्टिकलमध्ये यादी अरुंद होते. त्यात टेबल ठेवलं की विषय "सोसायटीच्या वा…" इथेच संपतो. तिथे कार्डच बरं. उलट क्लासिकमध्ये यादी रुंद पण बुटकी. तिथे कार्ड लावलं तर उजवीकडे नुसती मोकळी जागा, आणि वर दिसणार जेमतेम चार-पाच मेल. माझं विचाराल तर १३६६ बाय ७६८ पिक्सेलच्या, म्हणजे लहान स्क्रीनच्या लॅपटॉपवर क्लासिक आणि टेबल. मोठा मॉनिटर असेल तर खुशाल व्हर्टिकल आणि कार्ड. वाइड मी फार वापरत नाही, फोल्डरची यादी अर्ध्यावर येते म्हणून. पण मेलमध्ये आडवे लांबलचक तक्ते येत असतील तर तोच सोयीचा.

(ओळी नुसत्या दाट किंवा विरळ करायच्या असतील, तर ती 'डेन्सिटी', उजवीकडच्या तीन रेघांच्या मेनूत. आणि उघडलेल्या मेलचा भागच नाहीसा झाला असेल तर आधी एफ८ दाबून बघा; बोट चुकून लागलेलं असतं.)

आणखी एक मेख आहे. लेआउट आणि कार्ड-टेबल एकदा बदललं की सगळ्या फोल्डरांना लागू होतं, पण टेबलमधले कॉलम प्रत्येक फोल्डरचे स्वतंत्र. इनबॉक्समध्ये साइज दिसतो म्हणून सेंटमध्ये दिसेलच असं नाही. शीर्षकांच्या पट्टीच्या उजव्या टोकाला कॉलम निवडायचं चिन्ह आहे. तेच कॉलम दुसऱ्या फोल्डरला लावायची सोयही त्याच्याच मेनूत तळाशी सापडते.

"मावशी, यादीच्या वर उजवीकडे बघ. ते चिन्ह दाब, टेबल निवड."

"आली गं बाई पट्टी!"

"आता साइजवर क्लिक कर. छोटे वर आले तर परत एकदा."

पलीकडे थोडा वेळ नुसती टिकटिक. मग म्हणाली, "सगळ्यात वरचा २२ एमबीचा आहे. मुंजीचे फोटो. तूच पाठवलेले."